चिकातला दाणा

सरांचं नाव कुठल्याही पुस्तकात नाही. शोधण्याची तसदी घेऊ नका. त्यांनी जे पाहिलं ते पुढे कुणी तरी, कुठल्या तरी देशात, आमच्यापेक्षा कितीतरी चांगल्या यंत्रांनी पाहिलं असेल, छापलंही असेल. पण गिरगावातल्या आमच्या कॉलेजच्या वरच्या मजल्यावर, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, ते मी एकदा माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याचा आनंद मला मिनिटभरही झाला नाही. सरांना तर तेवढाही नाही.

मी तिथे डेमॉन्स्ट्रेटर होते. नुकतीच एम.एस्सी. झालेली, राहायला कॉलेजच्या मागच्याच गल्लीत. सर माझ्याहून बरेच मोठे, विभागातले जुने व्याख्याते. उंच, खांद्यात जरासे वाकलेले. कोटाच्या खिशात हात घातला की हाताबरोबर गव्हाची एखादी ओंबी बाहेर यायची. उजव्या अंगठ्याचं नख त्यांनी वाढवलेलं होतं, बाकीची नऊ अगदी मुळाशी कापलेली. त्या नखानं ते हिरव्या ओंबीतला दाणा फोडायचे, आतला चीक जिभेवर टेकवायचे आणि डोळे मिटून सांगायचे, हा अजून कोवळा आहे, हा उतरला. चव बघून दाण्याचं वय सांगणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. आम्ही नंतर तपासायचो. चुकत असत, पण फार थोडे.

मुलं त्यांना 'दाबू नका' म्हणत.

त्याचं असं होतं. पेशीच्या आत केंद्रक असतं आणि केंद्रकाच्या आत धाग्यांसारखी गुणसूत्रं. आम्ही तेव्हा क्रोमोसोमच म्हणायचो. ती बघायची सोपी रीत म्हणजे झाडाच्या मुळाचं कोवळं टोक काचेवर ठेवायचं, रंगाचा थेंब घालायचा, वर पातळ काच ठेवायची आणि अंगठ्यानं दाबायचं. पेशी चपटी होते, धागे पांगतात, मग निवांत मोजता येतात. सगळ्या जगात हेच चाललेलं होतं. अभ्यासक्रमातही तेच होतं. पण प्रॅक्टिकलला कुणाचा अंगठा काचेवर टेकला की पलीकडच्या टोकाहून सरांचा आवाज यायचा, "दाबू नका! अहो, दाबू नका!"

"सर, दाबलं नाही तर मोजायचं कसं?"

"मोजायचं कुणाला आहे? मोजून काय कळलं? किती माणसं मेली ते मोजता येतं. ती कुठे बसली होती, कुणाशेजारी, हे कळतं का त्यानं?"

सरांचं म्हणणं असं की पेशी विभागत नसते तेव्हा केंद्रकाच्या आत सगळा गुंता असतो, असं लोक समजतात, ते खोटं आहे. प्रत्येक गुणसूत्राला एक कंबर असते आणि दोन टोकं. गव्हाच्या कोवळ्या दाण्यात या सगळ्या कंबरा केंद्रकाच्या एका बाजूला असतात आणि टोकं दुसऱ्या बाजूला. युरोपातल्या एका शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकातच हे एका प्राण्याच्या पेशीत पाहून ठेवलं होतं. नंतर सगळे मोजायला लागले आणि ते विसरले. सरांना कळून घ्यायचं होतं की दाणा भरत जातो, चीक घट्ट होतो, त्याचं पीठ होऊ लागतं, तेव्हा ही जागांची शिस्त टिकते का. आणि मोडते तर कुठून मोडायला लागते.

एकदा एका हुशार मुलानं विचारलं, "म्हणजे सर, आमच्या चाळीसारखं? ज्याची त्याची खोली ठरलेली?"

सर एवढे चिडले की त्यांच्या हातातला खडू मोडला. "चाळ कशाला आणता मध्ये? चाळ चाळीसारखी असते. हे ह्याच्यासारखं आहे. जे दिसतं तेवढंच बोला. 'सारखं' म्हटलं की बघायचं संपलं."

हे त्यांचं वेडच होतं. 'जणू' आणि 'सारखं' हे शब्द त्यांनी मुलांच्या जर्नलमधून लाल शाईनं खोडलेले असत. माझ्या साडीचा रंग आकाशासारखा आहे असं कुणी म्हटलं तर सर खिडकीतून आकाश बघायचे आणि म्हणायचे, नाही, तसा नाही.

आमचे विभागप्रमुख वाईट नव्हते. त्यांना दर वर्षी विभागातून काही तरी छापून यायला हवं असायचं. ते सरांना म्हणत, "अहो, गवतं इतकी आहेत कोकणात. एकेक घ्या, दाबा, मोजा, छापून टाका. तुम्ही नेमका दाण्यातला तो भाग धरून बसलात, ज्याचं पीठ होणार. अंकुर त्याला खाऊन वाढणार. जे संपणारच आहे त्यात काय बघता?"

"संपेपर्यंत तो असतोच ना," सर म्हणायचे. आणि पुढच्या बढतीच्या वेळी दुसऱ्या कुणाची तरी वर्णी लागायची.

न दाबता बघणं म्हणजे फार वेळखाऊ काम. दाणा औषधात मारायचा, मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे पातळ काप काढायचे, किरमिजी रंग द्यायचा. मग सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू केसभर फिरवायचा, की वरचा थर जाऊन खालचा दिसतो. सर एकेक थर एकेका काचेवर काढायचे. कंबरा काळ्या शाईनं, टोकं लाल शाईनं. मग त्या काचा एकावर एक लाकडी चौकटीत सरकवल्या की वीतभर उंचीचं केंद्रक उभं राहायचं, आरपार दिसणारं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा सरांनी मला खाली बसवलं आणि बाजूनं बघायला सांगितलं. काळे ठिपके सगळे तळाशी जमलेले, लाल सगळे वर. मध्ये नुसता उजेड. मी तोंड उघडलं तशी त्यांनी बोट वर केलं. "कशासारखं ते सांगू नका."

काचा यायच्या ठाकुरद्वारच्या एका फोटोवाल्याकडून. त्याच्याकडे जुन्या काचेच्या निगेटिव्ह पडलेल्या असत. सर त्या गरम पाण्यात टाकून खरवडायचे. नवरानवरी, मुंजीतले बटू, टोपीवाले म्हातारे पाण्यात सुटून यायचे. मी म्हटलं, "सर, लोकांची लग्नं पुसताय तुम्ही." ते म्हणाले, "लग्नं झालीत त्यांची. फोटो गेला म्हणून न झालेली होत नाहीत."

त्यांचं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं. लालबागला एका खोलीत आई आणि धाकटा भाऊ बाबल यांच्याबरोबर राहायचे. वडील गिरणीत होते, ते गेल्यावर बाबल शाळा सोडून त्यांच्या जागी साच्यावर, म्हणजे मागावर, उभा राहिला आणि दादाला शिकू दिलं. हे मला सरांनी कधी सांगितलं नाही. बाबलनं सांगितलं, तेही हसत हसत. "दोघांतलो येक शिकाक व्हयो होतो. माका परीक्षेच्या आदी ताप येय. मग काय, ठरला." बाबल बुटका, रुंद, मोठ्यानं बोलणारा. दादा आणि तो एका आईची मुलं वाटत नसत. पण गव्हाच्या ओंब्यांना फुलोऱ्याच्या दिवसाप्रमाणे वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधावे लागत, ते रंगीत सूत बाबल गिरणीतून आणून द्यायचा. विड्याच्या पानासारखी पुडी बांधून तो कॉलेजात यायचा आणि मलाच विचारायचा, "बाई, आमचो दादा हय काय करता ता तुमका तरी कळता?"

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं दिल्लीत ठरतंय म्हणून शहर पेटलेलं होतं. गिरणगावातल्या भिंती रंगवल्या होत्या, चौपाटीवर आणि शिवाजी पार्कवर सभा होत होत्या. बाबल त्यात गळ्यापर्यंत बुडालेला. पत्रकं वाटायचा, रात्रपाळी करून सकाळी प्रभातफेरीला जायचा. सर कुठल्याच सभेला जात नसत. एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले होते तेव्हा दोघांचं चाललेलं ऐकलं.

"दादा, मुंबय आपल्या हातातसून चलली आनि तू गव्हात बसलेलो."

"मुंबई कुठे जात नाही. ती आहे तिथेच आहे."

"जागा आपसूक रवत नाय रे. ती राखूक लागता."

सर बाबलकडे बघत राहिले, चांगली शंका विचारणाऱ्या मुलाकडे बघत तसे. आई पलीकडून म्हणाली, "पयली जेवा. मगे खंयची जागा राखूची ती राखा."

गहू मुंबईत थंडीतच येतो, तोही कसाबसा. कॉलेजच्या गच्चीवर सर डब्यांतून लावायचे. जानेवारीत दाणे भरायला लागत. सरांना जी अवस्था हवी होती, चीक नुकता दाटायला लागलेला, ती वर्षातून एकदाच यायची आणि दिवसभर टिकायची. दोन वर्षं ती निसटली होती. एकदा चिमण्यांनी खाल्लं, एकदा उन्हानं ओंब्या वेळेआधीच पिकल्या. त्यांचा अंदाज असा होता की शिस्त दाण्याच्या मध्यातून मोडायला लागत असेल आणि बाहेरच्या थरात टिकत असेल. म्हणजे एकाच दाण्याच्या कापात दोन्ही दिसायला हवं, आत पांगलेलं, बाहेर जागच्या जागी. ती सीमा त्यांना एकदा बघायची होती. त्या वर्षी लाल दोऱ्याच्या ओंब्या सुरेख भरत होत्या. आदल्या दिवशी चव घेऊन सर म्हणाले, "उद्या दुपार."

त्या उद्याच्या सकाळी शहर बंद होतं. आदल्या संध्याकाळपासून गोळीबाराच्या बातम्या येत होत्या. कर्फ्यू कुठे लागला, कुठे उठला, कुणालाच नीट माहीत नव्हतं. सर पहाटे उठून, आई नको म्हणत असताना, लालबागहून भायखळ्यावरून चालत आले. मी मागच्या गल्लीतून आले. माझे वडील जिन्यापर्यंत ओरडत आले होते. कॉलेजात पहारेकऱ्याशिवाय कुणी नव्हतं.

दुपारपर्यंत आम्ही गच्चीवर बसून राहिलो. रस्त्यावरून घोषणा यायच्या, मग पळापळ, मग एकदम काहीच नाही. सर दर थोड्या वेळानं एक दाणा फोडून जिभेवर ठेवायचे आणि मान हलवायचे, अजून नाही. मी म्हटलं, "सर, घरी काळजी करत असतील." ते म्हणाले, "बाबल आहे ना आईजवळ." मग एका दाण्याला त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. "आता." आम्ही भराभर ओंब्या काढल्या, दाणे सोलले, औषधाच्या बाटल्यांत टाकले. सरांचे हात इतके हलके चालताना मी कधी बघितले नव्हते. आणि खाली, ठाकुरद्वारच्या बाजूला की कुठे, फटफट आवाज झाले. ते फटाके नव्हते हे कळण्याएवढं शहाणपण तोवर सगळ्यांना आलेलं होतं. सरांनी बाटलीला बूच लावलं, मग वर बघितलं.

तो आवाज बाबलला लागलेल्या गोळीचा नव्हता. बाबल तिथपर्यंत पोचलाच नाही. त्याला गोळी लागली ती भायखळ्याच्या अलीकडे.

कर्फ्यूमुळे सरांना रात्र कॉलेजातच काढावी लागली. सकाळी थोडी मोकळीक मिळाली तेव्हा ते चालत निघाले. मला चार दिवसांनी कळलं. ट्रॅम सुरू झाल्यावर मी वडिलांना घेऊन लालबागला गेले. आई दारात बसली होती. आत सर भिंतीला टेकून, कोट घातलेलाच. आईनं मला जवळ बसवून घेतलं आणि अगदी सरळ आवाजात, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं, सांगितलं.

"दुपारपर्यंत वाट बघली. मी म्हटलंय, दादा येवक नाय. तर बाबल म्हणालो, मी घराक हाडतंय त्येका. दादा उपाशी आसतलो म्हणान डबो घेतल्यान. चपला घातल्यान नि गेलो."

सरांनी हे ऐकलं. आईनं ते त्यांच्यादेखतच सांगितलं, आवाज न चढवता. मला वाटतं, तिनं त्यांना आधीही तसंच सांगितलं असणार आणि नंतर परत कधीच सांगितलं नाही.

आम्ही तिथे असतानाच चळवळीतले दोन कार्यकर्ते आले. भले लोक होते, रडत होते. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, "मोर्चात होता ना आई, बाबल?"

आईनं त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "होतो."

सरांनी मान वर केली आणि परत खाली घातली.

महिन्याभरानं ते कॉलेजात यायला लागले. शिकवायचे ते पूर्वीसारखंच, पण प्रॅक्टिकलला खिडकीशी उभे राहायचे. मुलांचे अंगठे काचांवर दाबले जात आणि पलीकडून काही आवाज येत नसे. मुलं बिचकून मागे वळून बघायची. अंगठ्याचं वाढवलेलं नख त्यांनी कापून टाकलं होतं. गच्चीवरचे डबे वाळून गेले. बाटल्या कपाटात स्पिरिटमध्ये तशाच होत्या. मी अधूनमधून स्पिरिट बदलायची.

गणपती होऊन गेल्यावर एक दिवस ते माझ्या टेबलाशी आले. "बाई, ते कापून बघाल? मला नाही जमणार."

मी मेणात बसवलं, काप काढले, रंग दिला. माझा हात सरांसारखा नाही. पहिले पुष्कळ काप फाटले. मग एक नीट आला. मी सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि स्क्रू फिरवायचं थांबले. बाहेरच्या थरातल्या पेशींत कंबरा एका बाजूला, टोकं दुसऱ्या बाजूला, सगळं जागच्या जागी. आत सरकत गेलं की पिठाचे कण दिसायला लागायचे, केंद्रकं मोठी आणि वेडीवाकडी व्हायची, आणि त्यांच्यात कंबरा सगळीकडे पांगलेल्या. दोन्हींच्या मध्ये पेशींची एकच ओळ होती, धड इकडची ना तिकडची. सर म्हणाले होते अगदी तसं. दुसरा काप बघितला, तिसरा बघितला. तेच.

सर खिडकीशी, माझ्याकडे पाठ करून उभे होते. "चांगले निघालेत?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण या माणसाशी कसं बोलायचं हे मी याच माणसाकडून शिकले होते. "हो सर. इतके चांगले आपल्याला कधीच मिळाले नव्हते. सीमा दिसतेय."

ते वळले नाहीत. तसेच म्हणाले, "खराब निघायला हवे होते."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"खराब निघाले असते तर मी म्हटलं असतं, उगाच गेलो. मूर्खपणा केला. मूर्खपणाची माफी मागता येते, बाई. हे चांगले निघाले. म्हणजे मी गेलो ते बरोबरच होतं. त्या दिवशी गेलो नसतो तर हे दिसलं नसतं. आता ह्याचं मी काय करू?"

मग ते स्टुलावर बसले. मी त्यांना म्हटलं, एकदा बघा तरी. ते जवळ आले, डोळा लावायला वाकले, आणि तसेच सरळ झाले. त्यांनी ते बघितलं नाही. शेवटपर्यंत बघितलं नाही.

प्रमुखांना कळलं तेव्हा ते अक्षरशः धावत आले. त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहराच बदलला. सरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मी तुम्हाला उगाच बोलत आलो. हे लिहा. आजच बसा लिहायला. परदेशात पाठवू." मनापासून म्हणाले. सर हो म्हणाले आणि खरोखरच बसले. आकृत्या मी काढून दिल्या. प्रस्तावना लिहून झाली, निष्कर्ष लिहून झाला. मग काम थांबलं. मी विचारलं तेव्हा त्यांनी कागद माझ्यासमोर सरकवला. पद्धतीचा भाग होता. दाणे कुठे वाढवले, कुठल्या औषधात मारले, हे सगळं लिहिलेलं. मध्ये एक ओळ मोकळी.

"दाणे कोणत्या दिवशी काढले ते सांगावं लागतं," सर म्हणाले. "तेवढं एक वाक्य आहे. मी आठ दिवस बसलोय. हात जात नाही."

"दिवस नका घालू. नुसता महिना घाला."

"ते खरं नाही होणार. फुलोऱ्यापासूनचा प्रत्येक दिवस महत्त्वाचा आहे, तोच तर मुद्दा आहे." मग म्हणाले, "दुसऱ्या कुठल्या तारखेचे दाणे मिळाले तर लिहीन."

म्हणून पुढच्या थंडीत त्यांनी परत गहू लावला. दोरे त्यांनी बाजारातून विकत आणले. दोरे बांधताना एका ओंबीला दोन दोन गाठी पडायच्या. चव घ्यायचे, डोळे मिटायचे, आणि मग माझ्याकडे बघायचे, तुम्हीच सांगा म्हणून. मला कुठून कळणार? त्या वर्षी आम्ही उशिरा पोचलो, दाणा पुढे गेलेला निघाला. त्याच्या पुढच्या वर्षी तांबेरा पडला आणि पानांवर हात फिरवला की हात गंजल्यासारखे व्हायचे. तिसऱ्या वर्षी सगळं वेळेवर झालं. हवा चांगली, दाणा चांगला, काप एकसंध. आणि सीमा नव्हती. आत बाहेर सगळं सारखंच पांगलेलं, का ते आजही मला सांगता येणार नाही. सरांनी त्या स्लाइड मात्र बघितल्या, एकेक करून, सगळ्या. "एकदाच दाखवायचं होतं त्याला," ते म्हणाले. दाण्याला की आणखी कुणाला, मला कळलं नाही. गच्चीवरचे डबे त्यांनी भंगारवाल्याला दिले. चौकटीतल्या काचा सोड्याच्या पाण्यात बुडवून त्यांनी शाई पुसली आणि ठाकुरद्वारच्या फोटोवाल्याला परत नेऊन दिल्या. त्याला त्या नको होत्या. त्याच्याकडे आता सगळं फिल्मवर होत होतं.

त्यानंतर सर दाबून मोजायला लागले. कोकणातली गवतं, एकामागून एक. प्रमुख खूश होते, आणि खूश आहोत याची त्यांना लाजही वाटत होती.

मग राज्य झालं. मुंबई मिळाली. आमच्या गिरगावात घराघरांवर कंदील लागले, पेढे वाटले. मीही रस्त्यावर उभी राहून ओरडले. ते खोटं नव्हतं. लालबागला मैदानात मांडव घातला होता, गेलेल्यांच्या घरच्यांचा सत्कार होता. आईनं मला मुद्दाम निरोप पाठवला, बाये, तू ये. मी गेले. आई पहिल्या रांगेत नवं लुगडं नेसून बसली होती, शेजारी सर, त्यांच्या शेजारी मी. वक्ते चांगले बोलले. त्यांनी बाबलचं नाव घेतलं आणि सांगितलं की तो मोर्चाच्या अगदी पुढे झेंडा घेऊन होता, छातीवर गोळी झेलली त्यानं, मागे हटला नाही. मैदानभर टाळ्या झाल्या. सर इस्पितळात त्याला ओळखायला गेले होते. गोळी कुठे लागली होती ते त्यांनी पाहिलेलं होतं.

आईला व्यासपीठावर नेलं. शाल दिली, नारळ दिला. मग कुणी तरी म्हणालं, मोठे भाऊ प्रोफेसर आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत. लोकांनीही आग्रह केला. सर उठले तेव्हा मी त्यांच्या बाहीला हात लावला, आणि मला कळेना की मी त्यांना थांबवतेय की जा म्हणतेय.

ते माइकसमोर उभे राहिले. "माझा भाऊ," ते म्हणाले, आणि थांबले. लोकांना वाटलं, गहिवरले. "माझा भाऊ बाबल त्या दिवशी दुपारी घरातून निघाला, तो," आणि परत थांबले. मी त्यांचा चेहरा बघत होते. ते गहिवरले नव्हते. ते शब्द तपासत होते. पुढचं वाक्य त्यांच्याकडे तयार होतं, चार वर्षं तयार होतं, आणि एवढ्या माणसांसमोर ते एकदा बोलून टाकलं तर कदाचित त्यांना जगता आलं असतं.

आई व्यासपीठावर खुर्चीत बसली होती, नारळ मांडीत धरून. ती नुसतं त्यांच्याकडे बघत राहिली. उरलेल्या एका मुलाकडे आई बघते तसं, आणि त्याच्याकडे गेलेल्याचं काही मागताना बघते तसं.

"तो मोर्चात होता," सर म्हणाले. "सगळ्यांच्या पुढे होता."

टाळ्या बराच वेळ चालल्या. कुणी तरी बाबल अमर रहे म्हणून ओरडलं आणि सगळं मैदान ओरडलं. सर खाली येऊन बसले, हात ओले असल्यासारखे अंगापासून लांब धरलेले.

नंतर आम्ही तिघं चालत चाळीत आलो. लोक वाटेत आईच्या पाया पडत होते. जिन्यावर पणत्या लावल्या होत्या. आई वर गेली, शाल घडी करून ठेवण्यासाठी. मला म्हणाली, जेवन जा गो. सर मात्र वर आले नाहीत. खाली नळाला पाणी आलं होतं. ते नळाशी वाकले, ओंजळ भरली, चूळ भरली आणि टाकली. परत भरली, परत टाकली. मी पहिल्या पायरीवर उभी राहून बघत होते. त्यांच्यामागे हंडे-कळशा घेऊन बायका येऊन उभ्या राहिल्या, रांग अंगणाच्या टोकापर्यंत गेली, पाणी जायची वेळ झाली, आणि त्या सगळ्या बायकांमधली एकही त्यांना बाजूला व्हा म्हणाली नाही.